पत्र राहते कोठे?

गेल्या महिन्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी नवा संगणक घेतला. दुकानातून आलेल्या मुलाने सर्व जोडणी करून दिली आणि शेवटी ई-मेलचे खाते बसविताना विचारले, "काका, आयमॅप ठेवू की पॉप?" काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले व म्हणाले, "जे चांगले असेल ते ठेव." मुलाने दोन-चार कळा दाबल्या, चहा घेतला आणि तो निघून गेला. त्याने काय ठेवले हे काकांना ठाऊक नाही. बहुधा त्या मुलालाही आता आठवत नसेल.

हाच प्रश्न २००१ साली आमच्या अडाजणच्या घरी संगणकाच्या पडद्यावर आला होता. विचारणारा कोणी नव्हता. एका लहानशा चौकोनात ‘पॉप’ हे नाव आधीच भरलेले होते व आम्ही ते तसेच राहू दिले. त्या चौकोनाचा अर्थ मला पाच वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, कळला.

त्या वेळी थोरले बंधू मस्कतला नोकरीस होते. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. टपालाने पत्र यावयास दहा-बारा दिवस लागत आणि दूरध्वनीवर आईला नीट ऐकू येत नसे. म्हणून दादाने ई-मेलचा मार्ग काढला. दर शुक्रवारी, त्याच्या सुटीच्या दिवशी, तो कचेरीत जाऊन पत्र लिही. लिपी रोमन, भाषा मराठी. मी ते आईला वाचून दाखवी, ती उत्तर सांगे व मी टंकून पाठवी. प्रथम प्रकृती, पाऊस, भाव असा मजकूर असे. पुढे आईनेच विषय काढला की, आपले आजोबा गायकवाडांच्या चाकरीत नवसारीस कसे आले, तेथून सुरतेत कसे स्थिरावले, हे तुला तुझ्या आजीने सांगितलेले आहे, ते लिहून काढ. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे दादा दर आठवड्यास एक प्रकरण लिहीत असे. २००४ च्या डिसेंबरात तो अकस्मात गेला. त्याच्या कचेरीने रीतीप्रमाणे त्याचे खाते बंद केले. उरली ती पत्रे आमच्या तळमजल्यावरील संगणकात होती, आणि ती तेथे आहेत याबद्दल आम्ही अगदी निर्धास्त होतो.

७ ऑगस्ट २००६, सोमवार. राखीपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली. उकाई धरणातून सोडलेले पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेले आणि तापी शहरात शिरली. आपण सुरतकर पुराला ‘रेल’ म्हणतो. १९६८ ची रेल पाहिलेली माणसे घरोघर होती; पण १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाल्यापासून पुन्हा तसे होणार नाही, असा एक समज आपल्या मनात घर करून बसला होता. पाणी उंबऱ्याशी आले तेव्हा आम्ही देव वर नेले, धान्य नेले, गॅसची टाकी नेली, आणि आईच्या हट्टामुळे तिची पत्र्याची ट्रंकही नेली. संगणकही नेला, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात मी उचलून नेला तो पडदा! घेताना तोच सर्वांत महाग वाटला होता व दिसावयासही तोच संगणक दिसे. ज्या डब्यात पत्रे होती तो डबा टेबलाखाली राहिला. वायरी सोडवीपर्यंत वीज गेली होती, आणि गुडघाभर पाण्यात अंधारात वायरी सोडविण्याचा धीर मला झाला नाही.

पाणी ओसरले तेव्हा डब्यातून चिखल ओघळत होता. त्यानंतर माझ्या हातून जी चूक झाली ती येथे मुद्दाम सांगतो, कारण तीच चूक त्या आठवड्यात अनेकांनी केली. मी डबा तीन दिवस उन्हात वाळविला आणि मग विजेला जोडला. आतून टकटक असा आवाज आला व थांबला. पुढे मुंबईच्या एका जाणकाराने समजावून सांगितले की, हार्ड डिस्क भिजली तर तिला वीज देऊ नये व वाळवूही नये. ती ओलीच पिशवीत बांधून तज्ज्ञाकडे न्यावी. गाळ वाळून तबकडीवर चिकटतो, आणि तबकडी फिरू लागली की वाचणारी सुई त्या कणांवर आपटून तिचा पृष्ठभाग खरवडून काढते. म्हणजे तापीमाईने जे ठेवले होते तेही मी घालविले. ट्रंकेतील आजोबांची कागदी पत्रे मात्र कोरडी राहिली.

तरी एक आशा होती. पत्रे ज्या कंपनीमार्फत येत तिच्या मोठ्या यंत्रावर, म्हणजे ज्याला ‘सर्व्हर’ म्हणतात त्यावर, प्रत असेलच ना? मी चौकशी केली. उत्तर सौजन्याने मिळाले: "आपण पॉप वापरत होता. आपण पत्र घेतले की आमच्याकडचे निघून जाते." त्यांचे काहीच चुकले नव्हते. टपालवाल्याने पत्र हाती दिल्यावर त्याच्या पिशवीत ते शोधावयास जाणारा मीच वेडा.

आता हे पॉप आणि आयमॅप म्हणजे काय ते पाहू. दोन यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या शब्दांत व कोणत्या क्रमाने बोलावे याचा ठरलेला शिरस्ता म्हणजे ‘प्रोटोकॉल’. पॉप हे ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’ या नावाचे लघुरूप. म्हणजे टपालघराचा शिरस्ता. त्याचा पहिला मसुदा जॉइस रेनॉल्ड्स या अमेरिकन विदुषींनी ऑक्टोबर १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. आज चालते ती तिसरी आवृत्ती, १९८८ सालची व १९९६ मध्ये पक्की झालेली. त्यातील संभाषण कोणाही गृहिणीला समजेल इतके साधे आहे. आपला संगणक नाव सांगतो, परवलीचा शब्द सांगतो, किती पत्रे आली ते विचारतो, एकेक मागून घेतो, घेतलेले काढून टाकण्यास सांगतो आणि निरोप घेतो. गंमत अशी की, निरोपाचा शब्द उच्चारल्यावाचून काढून टाकण्याचा हुकूम अमलात येत नाही. पावसाळ्यात आमची टेलिफोनची लाइन मध्येच तुटे आणि मग तीच पत्रे पुन्हा पुन्हा येत; त्याचे कारण हे. दादाचे एक पत्र तीनदा आले तेव्हा आईने मला "त्याला काही होत तर नाही ना?" असे काळजीने विचारल्याचे स्मरते.

पॉपचा जन्म ज्या परिस्थितीत झाला ती लक्षात घेतली तर त्याला नावे ठेवता येत नाहीत. त्या काळी यंत्रांतील जागा महाग, आणि टेलिफोनच्या लाइनवरचा प्रत्येक मिनिट महाग. आपल्या देशात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षे हीच स्थिती होती. नंबर फिरवावा, पत्रे उचलावी, लाइन सोडावी आणि मग स्वस्थपणे वाचावे. आमच्या खात्याला मोजके काही मेगाबाइट जागा मिळे. पत्रे तेथेच ठेवली असती तर महिन्याभरात पेटी भरून नवी पत्रे परत गेली असती. ज्याच्याकडे एकच संगणक आणि तोही एकाच जागी, त्याच्यासाठी पॉप हे शहाणपणाचेच साधन होते.

आयमॅपची कल्पना मुळातच निराळी. १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ती मांडली. आरंभी नावातले पहिले अक्षर ‘तात्पुरता’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे होते. पुढे त्याचा अर्थ बदलला. तात्पुरती म्हणून घातलेली पत्र्याची शेड पुढे पक्क्या घराचा भाग होऊन बसते, तसेच हे. त्याची चौथी आवृत्ती १९९४ ची, आणि तिच्यावर शेवटची मोठी सुधारणा २०२१ मध्ये झाली. येथे पत्र घरी येतच नाही. ते सर्व्हरवरच राहते व आपला संगणक त्याचे दर्शन घडवितो. ज्यांची गावी जमीन आहे त्यांना सात-बाराच्या उताऱ्याचा दाखला पुरेल. मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरी. आपल्या हाती असते ती तिची नक्कल. दप्तरात फेरफार झाला की पुढचा प्रत्येक उतारा बदललेला निघतो, मग तो बापाने काढो की मुलाने. आयमॅपमध्येही पत्रावर खुणा राहतात: वाचले, उत्तर दिले, महत्त्वाचे, मसुदा, काढून टाकावयाचे. कचेरीतील संगणकावर वाचलेले पत्र घरच्या संगणकावर व खिशातील मोबाइलवरही वाचलेलेच दिसते.

या खुणांचे मोल घरी फारसे कळत नाही; ते पेढीवर कळते. मी बरीच वर्षे एका जरीच्या पेढीवर हिशेब लिहिले. सुरतेची जरी येवल्याच्या पैठणीपासून वाराणसी व कांचीपुरमच्या शालूपर्यंत जाते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. पेढीवर तीन संगणक: एक मालकांच्या केबिनमध्ये, एक माझ्याकडे, एक माल पाठविणाऱ्या विभागात. तिन्हींवर एकच खाते आणि तिन्हींवर पॉप. परिणाम असा होई की, जो सकाळी आधी संगणक उघडील त्याच्या पदरात सर्व पत्रे पडत. येवल्याची मागणी माझ्याकडे येऊन बसे आणि माल पाठविणारा गृहस्थ दिवसभर "आज काहीच आले नाही" म्हणून स्वस्थ बसे. एकदा लग्नसराईच्या तोंडावर आलेली मागणी मालकांच्या संगणकात आठ दिवस पडून राहिली. मालक परगावी होते. त्या विणकराने दुसऱ्या पेढीकडून माल घेतला, आणि पुन्हा आमच्याकडे आला नाही.

यावर कोणीतरी तोड सुचविली. पॉपच्या मांडणीत ‘सर्व्हरवर प्रत राहू द्यावी’ असा एक लहान चौकोन असतो, त्यात खूण केली. आता पत्रे तिघांनाही मिळू लागली. पण उत्तर कोणी दिले हे कोणासच कळेना. एकाच मागणीचा माल दोनदा रवाना झाला. शिवाय पॉप फक्त आलेल्या पत्रांची पेटी पाहतो. पाठविलेली पत्रे ज्या संगणकावरून गेली तेथेच राहतात. मालकांनी कोणता भाव कळविला ते मला दिसत नसे व मी काय लिहिले ते त्यांना दिसत नसे. ग्राहक मात्र दोन्ही भाव समोर ठेवून बोले! अखेर २००८ च्या सुमारास पेढीने आयमॅप स्वीकारला. मागण्या, पावत्या, तक्रारी असे स्वतंत्र कप्पे केले, आणि ज्याने उत्तर दिले त्याची खूण तिघांना दिसू लागली. एका महिन्यात कुरबुरी थांबल्या.

पण आयमॅपला मी निर्दोष म्हणत नाही. दोन वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत एका नव्या मुलाने आपल्या संगणकावरील ‘जुने’ नावाचा कप्पा पुसून टाकला. त्याला वाटले, आपल्या यंत्रातील अडगळ काढली. तो कप्पा एकाच क्षणी तिन्ही संगणकांवरून नाहीसा झाला. त्यात सात वर्षांचा ग्राहकांशी झालेला व्यवहार होता. मूळ दप्तरच फाडल्यावर उतारे कोठून निघणार? या खेपेस मात्र आम्ही वाचलो, कारण माझ्या संगणकावर मी पॉपची एक जोडणी मुद्दाम राखली होती. जुन्या कप्प्याची नक्कलही मी फार पूर्वी उतरवून घेतली होती. मुनीमजी संशयी आहेत, असे माझ्याविषयी पेढीवर बोलले जाई. रेलने मला संशयी केले होते, एवढे खरे.

म्हणून मला असे वाटते की, वेग, नवेपणा वा सोय या गोष्टी विचारण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरात एक प्रश्न विचारावा: मूळ पत्र राहते कोठे, आणि त्याची दुसरी प्रत राहते कोठे? पॉपमध्ये मूळ पत्र आपल्या टेबलाखाली असते. आग, पाणी, चोरी, वाळवी यांची जोखीम आपली; पण ते आपल्या मालकीचे, आणि कोणी दूरस्थ मनुष्य ते बंद करू शकत नाही. आयमॅपमध्ये ते परक्या वाड्यात असते. तेथे तापीचे पाणी पोहोचत नाही, परंतु वाडा दुसऱ्याचा व नियमही त्याचेच. दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचा नियम गुगलने २०२३ मध्ये जाहीर केला व त्या डिसेंबरपासून अमलात आणला. आपल्या दिवंगत वडिलांचे खाते तसेच पडून असेल, तर त्यातील पत्रांचे काय झाले असेल याचा विचार आजच करावा.

सुरतेस तरी ही दुसऱ्या प्रतीची गोष्ट नवी नाही. सतराव्या शतकात येथील इंग्रजांच्या वखारीतून लंडनला पत्र जावयाचे असले की, त्याच्या नकला करून त्या निरनिराळ्या जहाजांनी पाठवीत. एक जहाज बुडाले तरी दुसरे पोहोचावे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजीमहाराज सुरतेवर आले तेव्हा वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झिंडेन होता. त्या दिवसांची इंग्रजांनी लिहिलेली हकीकत आज इतिहासकारांना वाचावयास मिळते, ती समुद्रापार गेलेल्या पत्रांमुळे. वखारीची दप्तरे आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्या वखारीत ती लिहिली गेली तिची स्थिती तापीकाठी जाऊन कोणीही पाहावी.

तर व्यवहारात काय करावे? घरातील बहुतेकांजवळ आज मोबाइल व संगणक दोन्ही असतात. तेव्हा घरी आयमॅपच ठेवावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पेढीवर, दवाखान्यात, वकिलाच्या कचेरीत, जेथे एकाच पत्त्यावर दोघे-तिघे काम करतात, तेथे तर पॉपचा विचारही करू नये. परंतु एखाद्या संगणकावर, आणि तो तळमजल्यावर नसावा, वर्षातून दोनदा सर्व पत्रांची नक्कल उतरवून घ्यावी. पाठविलेली पत्रेही त्यात येतील असे पाहावे, कारण अर्धा संवाद म्हणजे संवाद नव्हे. जीमेल वापरणाऱ्यांना गुगलच्या ‘टेकआउट’ या सोयीतून सर्व पत्रे एकत्र मागविता येतात. थंडरबर्डसारखा विनामूल्य कार्यक्रमही हे काम करतो. ती नक्कल वेगळ्या लहान डिस्कवर घालून दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी, ठेवावी. लेकीचे सासर याकरिता उत्तम.

ज्यांना पॉपच हवा असेल, आणि काही वृद्ध वाचकांना पत्र आपल्या घरात आल्यावाचून आले असे वाटतच नाही, त्यांनी निदान सर्व्हरवर प्रत राहू देण्याच्या चौकोनात खूण आहे ना, हे स्वतः पाहावे. जोडणी करणाऱ्याला क्रमांकही विचारावा. आयमॅपसाठी ९९३ व पॉपसाठी ९९५ हे बंद पाकिटाचे मार्ग होत. १४३ व ११० हे जुने मार्ग तसेच उघडे ठेवले तर मजकूर व परवलीचा शब्द पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा जातो.

दादाच्या पत्रांपैकी अकरा पत्रे पुढे मिळाली. घराण्याची हकीकत लिहिताना तो अधूनमधून पुण्याच्या भाच्यालाही एक प्रत पाठवीत असे, आणि भाचा आपली पत्रे कधी संगणकात उतरवीत नसे; ती सर्व्हरवरच पडून होती. त्याने ती छापून आणून दिली तेव्हा आई हयात होती. अकरांत नवसारीचा भाग पुष्कळसा आहे. सुरतेचा भाग सुरू होतो आणि पणजोबा नानपुऱ्यात घर शोधत आहेत, तेथे कागद संपतात. आईने ते कागद आजोबांच्या पत्रांच्या ट्रंकेत ठेवावयास सांगितले. ट्रंक आता दुसऱ्या मजल्यावर आहे. शेजारच्या काकांकडे मी काल संध्याकाळी जाऊन आलो. त्या मुलाने पॉपच ठेवला होता, आणि प्रत राहू देण्याचा चौकोन कोरा होता. आम्ही दोघांनी मिळून तो बदलला.